क्रिएटिनिन वाढलं, पाय सुजले, दम लागतोय: हृदय, फुफ्फुस आणि मूत्रपिंडाचे आजार एकत्र कसे सांभाळावेत

हृदयाचे डॉक्टर लघवी वाढवणारी गोळी दुप्पट करतात. आठवड्याभराने मूत्रपिंडाचे डॉक्टर क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) पाहून तीच गोळी निम्मी करतात. मध्येच छातीचे डॉक्टर दम कमी व्हावा म्हणून स्टिरॉइडचा कोर्स देतात आणि पाय पुन्हा सुजतात. यात कोणी चुकलेलं असतंच असं नाही. प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरता निर्णय बरोबर घेतलेला असतो, पण तिघांचं मिळून एक चित्र कोणासमोरच नसतं.

हा लेख यांपैकी दोन किंवा तीन आजार एकत्र असलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांची रोजची देखभाल करणाऱ्यांसाठी आहे. एक प्रश्न आधीच पक्का करून ठेवा, कारण तो जवळजवळ प्रत्येक पायरीवर परत येणार आहे: या घटकेला शरीरात पाणी जास्त आहे की कमी?

एकाचं दुखणं दुसऱ्याकडे कसं जातं

विश्रांतीत असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. उजव्या बाजूने निघालेलं सगळं रक्त फुफ्फुसांतून जातं. डाव्या बाजूने निघालेल्या रक्ताचा २० ते २५ टक्के वाटा मूत्रपिंडांकडे वळतो. दोन्ही मूत्रपिंडांचं मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे वजनाच्या मानाने हा वाटा फार मोठा आहे. त्यामुळे रक्ताचा पुरवठा किंवा दाब थोडा जरी बिघडला तरी त्यांना लगेच कळतं.

हृदय दुबळं झालं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बऱ्याचदा जास्त नुकसान मागच्या बाजूने होतं. मूत्रपिंडातली गाळणी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रक्ताच्या दाबातल्या फरकावर चालते. हृदयात रक्त तुंबलं की शिरांमधला दाब वाढतो, मूत्रपिंडातून रक्त बाहेर पडायला अडतं आणि गाळणी मंदावते. मूत्रपिंडाला मात्र वाटतं की शरीरात पाणी कमी पडलंय. ते रेनिन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन वाढतात आणि मीठ-पाणी धरून ठेवलं जातं. आधीच थकलेल्या हृदयावर त्या जादा पाण्याचं ओझं पडतं.

फुफ्फुसाची तऱ्हा वेगळी. फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. एरवी ही सोय चांगली, कारण रक्त निरोगी भागाकडे वळतं. पण सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुना आजार) किंवा फायब्रोसिसमध्ये (फुफ्फुस निबर होणं) ऑक्सिजन सगळीकडेच कमी असला, तर सगळ्याच वाहिन्या आकसतात आणि फुफ्फुसाच्या धमनीतला दाब चढतो. निरोगी माणसात हा सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिमीच्या आसपास असतो. २० च्या वर गेला की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. ती हा दाब फार काळ झेलू शकत नाही, आणि मग पाय सुजतात, यकृत फुगतं, मूत्रपिंडात रक्त तुंबतं. दुखणं फुफ्फुसाचं, पण तक्रार येते ती पायांची.

मूत्रपिंड बिघडलं तर दोन्हीकडे मार बसतो. पाणी आणि रक्तदाब वाढल्याने हृदयाची भिंत जाड होते. एरिथ्रोपोएटिन हे रक्त तयार करवणारं संप्रेरक कमी झाल्याने हिमोग्लोबिन उतरतं. आम्ल साचल्याने श्वास जोरात चालतो. पोटॅशियम चढलं की ठोक्यांची लय बिघडते. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांमध्ये डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने दगावणारे जास्त असतात. किडनीच्या रुग्णाने हृदयाकडे दुर्लक्ष करू नये, असं डॉक्टर बजावतात ते याचसाठी.

पायरी १: बरं वाटत असतानाचे आकडे लिहून ठेवा

बिघाड ओळखायचा तर आधी नेहमीचं काय ते माहीत हवं. तब्येत स्थिर असताना पुढच्या गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा: वजन, रक्तदाब, नाडी, बसून आणि थोडं चालून आल्यावरचा ऑक्सिजन, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंड किती वेगाने गाळतं त्याचा अंदाज), सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, इकोतला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी). ईसीजीची एक प्रतही जवळ असू द्या.

हे आकडे वाचताना काही गोष्टी हमखास नजरेतून सुटतात.

ईजीएफआर ६० च्या खाली सलग तीन महिने राहिला तर आजार जुना मानतात. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. आजारपणात स्नायू झिजलेल्या, हडकुळ्या माणसाचं क्रिएटिनिन १.० असलं तरी मूत्रपिंड बरंच बिघडलेलं असू शकतं. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. लघवीतलं अल्ब्युमिन ३० मि.ग्रॅ. प्रति ग्रॅमच्या वर असणं ही मूत्रपिंडाची तक्रार तर आहेच, पण हृदयाचा धोका वाढल्याचीही ती खूण आहे. ही तपासणी स्वस्त आणि सोपी आहे, आणि तरीही तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर स्थिर रुग्णात हार्ट फेल्युअरची (हृदय शरीराच्या गरजेला पुरं न पडण्याची) शक्यता कमी. मात्र किडनीच्या आजारात, वाढत्या वयात आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार) तो मुळातच चढा असतो, आणि लठ्ठ माणसात कमी दिसतो. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा स्वतःच्याच जुन्या आकड्याशी तुलना जास्त उपयोगाची. सॅक्युबिट्रिल (हार्ट फेल्युअरचं एक औषध) असलेली गोळी चालू असेल तर साधं बीएनपी फसवं येतं. एनटी-प्रोबीएनपीच करायला सांगा.

इकोच्या रिपोर्टमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन ५० च्या वर दिसला की सगळे निःश्वास टाकतात. पण हार्ट फेल्युअर त्यातही असतं: हृदय आकसतं नीट, पण सैल होत नाही. उच्च रक्तदाब आणि किडनीचा आजार असलेल्यांत हा प्रकार वारंवार दिसतो. उजव्या कप्प्याचं काम आणि फुफ्फुसातल्या दाबाचा अंदाज या दोन ओळी न चुकता वाचा.

स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजण्याची तपासणी) अंगात पाणी साचलेलं असताना करू नका. ओल्या फुफ्फुसाचे आकडे सीओपीडी नसतानाही वाईट येतात आणि नको तो पंप कायमचा मागे लागतो.

पायरी २: रोजची नोंद, पाच मिनिटांची

वजन सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत करा. काटा कडक फरशीवर ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी दोन दिवसांत दोन किलो वाढत नाही, पाणी वाढतं. तीन दिवसांत २ किलो वाढ झाली तर फोन करा, पाय सुजायची वाट पाहू नका. डोळ्यांना सूज दिसेपर्यंत कित्येकदा तीन-चार लिटर पाणी साचलेलं असतं.

रक्तदाब पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून घ्या. मिनिटाभराने पुन्हा घ्या. आठवड्यातून एकदा उभं राहिल्यावरचाही लिहा. गोळ्या जास्त होत असतील तर ते तिथे सगळ्यात आधी कळतं.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं आणि नखाला रंग नको. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. त्वचा गडद असेल तर यंत्र खऱ्याहून थोडा जास्त आकडा दाखवू शकतं.

सूज पाहायची ती नडगीच्या हाडावर. अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबा आणि खड्डा राहतो का पाहा. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर पाणी पाठीच्या खालच्या टोकाला उतरतं, तिथे दाबून पाहा. एक अपवाद: अम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही घोटे सुजतात. त्या सुजेत वजन फारसं वाढत नाही आणि लघवीच्या गोळीने ती नीट उतरतही नाही. ती उतरवायला लघवीच्या गोळ्या वाढवत गेलं तर मूत्रपिंड कोरडं पडतं.

रात्री किती उशा लागल्या, झोपेतून दम लागून उठावं लागलं का, खोकल्याचा बेडका कसा आहे, लघवी कमी झाली का, याची एक-एक शब्दात नोंद पुरे.

पायरी ३: ओलं की कोरडं?

एकाच रुग्णाच्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहू. तब्येत ठीक असतानाचं वजन ६२ किलो, क्रिएटिनिन १.४.

पहिली नोंद: वजन ६४.६, तीन दिवसांत चढलेलं. एका उशीच्या जागी तीन. नडगीवर खड्डा, मानेची शीर बसल्यावरही फुगलेली. रक्तदाब १३८/८६. क्रिएटिनिन १.८.

दुसरी नोंद: वजन ५९.८. दोन दिवस जुलाब. जीभ कोरडी. रक्तदाब बसून १०८/७०, उभं राहून ८४/५८, डोळ्यांपुढे अंधारी. क्रिएटिनिन १.८.

आकडा एकच, उपाय उलटे. पहिल्यात मूत्रपिंड तुंबलंय. पाणी काढलं की क्रिएटिनिन बहुधा खाली येईल. दुसऱ्यात मूत्रपिंड तहानलंय. तिथे लघवीची गोळी चालू ठेवणं घातक. नुसत्या लॅब रिपोर्टचा फोटो पाठवून ‘गोळी चालू ठेवू का?’ असं विचारलं तर डॉक्टरही अंदाजच करणार. फोटोबरोबर वजन, उभ्याने घेतलेला रक्तदाब आणि सुजेची नोंद पाठवा.

पाणी काढत असताना क्रिएटिनिन किंचित वाढलं, पण वजन उतरतंय, दम कमी होतोय, लघवी चांगली होतेय, तर घाबरून उपचार अर्धवट सोडू नयेत. अर्धवट सुकवून घरी पाठवलेला रुग्ण लवकरच परत दाखल होतो. उलट क्रिएटिनिन वाढतंय, लघवी कमी होतेय आणि सूजही तशीच, हे मात्र खरोखर वाईट लक्षण.

गोळीचा परिणामच होत नसेल तर कारण शोधावं लागतं. आतड्यालाच सूज असेल तर तोंडाने घेतलेलं फ्युरोसेमाइड (लघवीचं औषध) नीट शोषलं जात नाही. अशा वेळी टॉर्सेमाइड किंवा शिरेतून औषध द्यावं लागतं. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर औषध कामाच्या जागी पोचायलाच मोठा डोस लागतो. जेवणात मीठ भरपूर असेल तर कोणताही डोस पुरत नाही. वेदनाशामक गोळी चालू असेल तर तीही लघवीच्या गोळीला निकामी करते. मेटोलाझोनसारखी दुसरी गोळी जोडली तर काही दिवसांतच सोडियम-पोटॅशियम तपासायला हवं, कारण या जोडीने ते धाडकन घसरतात.

पायरी ४: दम नेमका कशाचा?

आडवं झाल्यावर वाढणारा, झोपल्यावर दोन-तीन तासांनी जागं करणारा आणि वजनवाढीबरोबर आलेला दम बहुधा हृदयाचा. वजन तेच, पण बेडका घट्ट, पिवळा-हिरवा झालाय आणि छातीत घरघर आहे, तर बहुधा फुफ्फुसाचा. घरघरीवर मात्र फार विसंबू नका. फुफ्फुसात पाणी भरल्यावरही छाती सूं-सूं वाजते, पंप घेतल्यावर थोडा आरामही पडतो, आणि हार्ट फेल्युअर ‘दमा’ म्हणून आठवडेच्या आठवडे चालतं.

छाती स्वच्छ, ऑक्सिमीटर ९८ आणि तरीही श्वास खोल व जलद चालतोय, असं असेल तर मूत्रपिंडाकडे पाहा. रक्तात आम्ल साचलंय आणि फुफ्फुस कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून त्याची भरपाई करतंय. बायकार्बोनेट तपासलं की उलगडा होतो. हिमोग्लोबिन ७ असतानाही ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, कारण असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेलं आहे एवढंच तो मोजतो. हिमोग्लोबिन आहे किती, ते त्याला दिसत नाही.

सीओपीडी आणि किडनीचा आजार एकत्र असेल तर अडचण दुहेरी. कार्बन डायऑक्साइड साचला की निरोगी मूत्रपिंड तीन ते पाच दिवसांत बायकार्बोनेट वाढवून तोल सांभाळतं. बिघडलेल्या मूत्रपिंडाला ते जमत नाही, आणि मूत्रपिंडाचं आम्ल बाहेर टाकायला लागणारी ताकद फुफ्फुसात नसते. अशा रुग्णाला साधा छातीचा संसर्गही फार लवकर गंभीर करतो. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकोकसची लस त्याने अजिबात चुकवू नये.

एका बाजूच्याच छातीत, विशेषतः डावीकडे पाणी किंवा सोबत ताप असेल तर ‘हृदयाचं पाणी’ म्हणून सोडून देऊ नका, दुसरं कारण शोधायला लावा. रात्री मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबणं आणि गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब असं त्रिकूट असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या.

पायरी ५: एकाचं औषध, दुसऱ्याला त्रास

सगळ्या डॉक्टरांच्या औषधांची एकच यादी हवी. तिच्यात पंप, थेंब, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि काढे-चूर्णंही यायला हवीत.

सगळ्यात जास्त घात करतात त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. मूत्रपिंडाच्या आत येणारी वाहिनी त्या आकसवतात, एसीई किंवा एआरबी गटातली रक्तदाबाची गोळी बाहेर जाणारी वाहिनी सैल करते आणि लघवीची गोळी एकूण रक्त कमी करते. तिन्ही एकत्र आल्या की गाळणीला दाबच उरत नाही. अंगदुखीसाठी पॅरासिटॅमॉल त्यापेक्षा सुरक्षित; फक्त पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं.

एसीई, एआरबी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढणं सहसा चालतं. गाळणीतला दाब कमी झाल्याची ती खूण असते, आणि पुढे मूत्रपिंड त्यामुळेच टिकतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या, हृदय-मूत्रपिंडासाठीही दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्येही सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरतो. तो पाहून गोळी बंद केली तर हृदय आणि मूत्रपिंड दोघांचंही नुकसान. एसीईने काहींना कोरडी ढास लागते. ती फुफ्फुसाची समजून सिरप पाजत बसण्याऐवजी गोळी बदलून घ्या.

स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असताना पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डोस कमी करावा लागतो, ६ च्या वर गेलं तर ती तातडीची बाब. संसर्गासाठी दिलेलं को-ट्रायमॉक्साझोल पोटॅशियम आणखी चढवतं, हे लिहून देणाऱ्यालाही बरेचदा आठवत नाही.

सीओपीडी आहे म्हणून बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) नाकारण्याची जुनी रीत आता सोडायला हवी. बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल, नेबिव्होलॉल मुख्यतः हृदयावर काम करतात आणि सीओपीडीत सहसा चालतात. खऱ्या दम्यात मात्र जपून. साल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) वारंवार घेतल्याने नाडी वाढते आणि पोटॅशियम उतरतं. थिओफिलिन या दम्याच्या औषधाबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक घेतलं तर थिओफिलिन रक्तात साचतं, मळमळ आणि अनियमित ठोके सुरू होतात. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. क्रिएटिनिन वाढलं की तोच डोस विषारी ठरतो, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्यात भर घालतं. अमिओडॅरोन हृदयाचं औषध, पण फुफ्फुसाला इजा करू शकतं. ते चालू असताना नवा खोकला किंवा दम आला तर सांगायला हवं.

पायरी ६: मीठ, पाणी, पोटॅशियम

मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. पाकीटबंद पदार्थांवर ‘सोडियम’ लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. नुसता रक्तदाब असलेल्याला ते चांगलं, पण किडनीचा आजार असेल किंवा एसीई, एआरबी, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर धोक्याचं.

पाण्यावर बंधन सगळ्यांना लागत नाही. गंभीर हार्ट फेल्युअर असेल किंवा सोडियम उतरलं असेल तर दीड-दोन लिटरची मर्यादा घालतात. ‘किडनी साफ राहावी म्हणून भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अशा रुग्णाला थेट अतिदक्षता विभागात पोचवू शकतो.

पायरी ७: उलट्या-जुलाबाचे दिवस

खाणं-पिणं पोटात टिकत नसेल तर लघवीच्या गोळ्या, एसीई/एआरबी, स्पायरोनोलॅक्टोन, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या काही काळ थांबवाव्या लागतात. यांपैकी कोणत्या, कधी थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. सहसा नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की त्या पुन्हा चालू करतात. परत सुरू करायला विसरणं ही थांबवायला विसरण्याइतकीच मोठी चूक.

डायलिसिसवर असाल तर

आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर दोन दिवसांची मोठी सुट्टी सगळ्यात जोखमीची. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही तेव्हाच कळसाला असतात. दर तासाला दर किलो वजनामागे १३ मिलीपेक्षा जास्त वेगाने पाणी ओढलं तर हृदयावर ताण येतो. अशा वेळी वेळ वाढवून मागा. आजारपणानंतर ‘ड्राय वेट’ म्हणजे जादा पाणी नसतानाचं लक्ष्य वजन नव्याने ठरवून घ्या. स्नायू तीन किलोने झिजले आणि लक्ष्य वजन जुनंच राहिलं, तर तीन लिटर पाणी अंगात लपून बसतं आणि काटा मात्र ‘बरोबर’ दाखवतो. फिस्टुलामधला (डायलिसिससाठी हातात धमनी-शीर जोडून केलेल्या वाहिनीतला) प्रवाह फार मोठा झाला तरी हृदयावरचा भार वाढतो, म्हणून दम वाढलेल्या रुग्णात तोही मोजावा.

ताबडतोब रुग्णालयात जायचं ते कधी

बसूनही दम, वाक्य पुरं होत नाही, गुलाबी फेसाळ बेडका, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, नाडी अचानक फार मंद किंवा अनियमित होणं, नवी झोपाळू गुंगी, बारा तास लघवीच नाही. एक पाय सुजून अचानक दम लागला तर फुफ्फुसात गुठळी असू शकते. खोकल्यातून आणि लघवीतून एकाच वेळी रक्त जात असेल तर तो फुफ्फुस आणि मूत्रपिंड दोघांवर एकदम हल्ला करणारा रक्तवाहिन्यांचा किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो. त्यात दिवस दिवस थांबणं म्हणजे मूत्रपिंड गमावणं.

जाताना वही आणि औषधांची यादी बरोबर घ्या. सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड साचण्याची सवय असेल तर ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं, हे ऑक्सिजन लावणाऱ्याला दारातच सांगा. क्रिएटिनिनचा नेहमीचा आकडा सांगा, नाहीतर जुना १.८ नवा समजून सलाईन लावलं जाईल. फिस्टुलाच्या हाताला सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा लावू देऊ नका.